घरातल्या हिंसेवरची गायनरचना: मारणाऱ्याला आवाज द्यावा का?

स्वरवेल

गेले सात महिने चेंबर म्युझिकच्या एका रचनेत गुंतले आहे. एक मेझो-सोप्रानो (मधल्या पट्टीची गायिका), बास क्लॅरिनेट (खर्जात वाजणारं फुंकवाद्य), चेलो आणि एक तालवादक, एवढाच संच. साधारण पंचवीस मिनिटांची होईल. विषय घरातली हिंसा. संहिता मराठी आहे, मीच लिहिली आहे, अकरा छोटे तुकडे. नऊ झालेत, दोन अडलेत. का अडलेत ते इथल्या गाणाऱ्या-ऐकणाऱ्या मंडळींपुढे ठेवते.

गाणारी ती आहे. मग त्याचं काय करायचं? दुसरा गायक उभा केला तर तो समोर येतो, त्याला चाल द्यावी लागते, आणि चाल द्यायची म्हणजे थोडा तरी त्याच्या बाजूने विचार करावा लागतो. त्याला गाळला तर ती हवेशी बोलतेय असं वाटतं. मी मधला रस्ता काढला होता: बास क्लॅरिनेट म्हणजे तो. शब्द नाहीत, पण मंद्रात तो सतत आसपास आहे.

गेल्या आठवड्यात पहिले सहा तुकडे पाच जणांसमोर वाजवून पाहिले. वादक गुणी आहे, जीव ओतून वाजवलं त्याने. संपल्यावर पाचातले तिघे म्हणाले, बास क्लॅरिनेटचा भाग सगळ्यात सुंदर झालाय. त्या रात्री मला झोप लागली नाही. सगळ्यात सुंदर सूर मी त्यालाच देऊन बसले होते आणि ते माझ्या लक्षातही आलं नव्हतं.

तुम्ही काय केलं असतं? एक आधीच सांगते. शेवटी एक मोठी किंकाळी, हा उपाय मला नको आहे.

मधली_ओळ

मला यातलं फार कळत नाही, म्हणून विचारतो. चेंबर म्युझिक म्हणजे नक्की काय? वादक कमी, एवढंच ना?

खर्ज_सा

@मधली_ओळ, इटालियनमध्ये कामेरा म्हणजे खोली. चर्चमधलं नाही, नाट्यगृहातलं नाही, खोलीतलं संगीत. प्रत्येक भाग एकेकटाच वाजवतो आणि बहुतेक वेळा पुढे हात हलवणारा संचालक नसतो. त्यामुळे सगळे एकमेकांकडे कान लावून असतात. शेजारच्याचा श्वास ऐकू येतो इतके जवळ बसतात.

मधली_ओळ

खोली, लावलेलं दार आणि समोरच्याचा श्वास ऐकत राहणं. मग या विषयाला दुसरा कुठला प्रकार शोभलाही नसता.

खर्ज_सा

आता मूळ प्रश्नाकडे. स्वरवेल, हा प्रश्न दोनशे वर्षांपूर्वी एका १८ वर्षांच्या मुलाने एकाच गळ्यात सोडवला होता. शूबर्टचं 'एर्लक्योनिग', १८१५. कविता ग्योटेची. बाप आजारी मुलाला घेऊन रात्री घोडा फेकतोय, आणि मुलाला एर्लक्योनिग, मुलांना ओढून नेणारा भुतांचा राजा, दिसतोय, बापाला दिसत नाही. निवेदक, बाप, मुलगा आणि एर्लक्योनिग, चारही पात्रं एकच गायक गातो. पियानोत घोड्याच्या टापा.

मी हे गाणं अनेकदा गायलोय. लोकांना वाटतं मुलाचा टाहो गायला अवघड. तसं नाही. अवघड आहे तो एर्लक्योनिग, कारण त्याची चाल सगळ्यात गोड आहे. आवाज खाली आणायचा, हसऱ्या तोंडाने गायचं. चल, खेळू, फुलं आहेत, माझ्या मुली तुला झोका देतील. आणि शेवटी त्याच सुरातून तो म्हणतो, राजी नसशील तर बळाने नेईन. तिथे जर्मनमध्ये 'गेवाल्ट' हा शब्द आहे. आपण ज्याला हिंसा म्हणतो तोच.

म्हणून मला वाटतं, तुमच्या बास क्लॅरिनेटचं सुंदर होणं ही चूक नाही. मारणारा चोवीस तास मारत नसतो. तो बाहेर आणि घरातही गोड वागू शकतो म्हणून तर तिच्यावर कुणी विश्वास ठेवत नाही. फक्त त्या गोडव्याला 'गेवाल्ट'पर्यंत न्या. तो मध्येच सोडलात तर श्रोता गोडवाच घेऊन घरी जाणार.

पानगळ

खर्ज_सा, तुमच्या प्रतिसादामुळे सकाळपासून एर्लक्योनिग तीनदा ऐकला. आतल्या खोलीतून लेक विचारतेय, "आई, घोडा पोचला का?"

खर्ज_सा

तिला सांगा, घोडा पोचतो. मुलगा पोचत नाही. शेवटच्या ओळीआधी टापा थांबतात आणि ती ओळ जवळजवळ बोलूनच टाकली आहे. लेक लहान असेल तर मात्र सांगू नका.

दुपारचा_चहाटळ

माझं मत उलटं. त्याला अजिबात आवाज देऊ नका. पुलँकचा 'ला व्वा ह्युमेन' हा एकाच गायिकेचा ऑपेरा ऐका, १९५९ सालचा, कॉक्तोच्या नाटकावरचा. चाळीसेक मिनिटं एक बाई टेलिफोनवर बोलते. पलीकडचा माणूस एकदाही ऐकू येत नाही. ती काय म्हणते आणि कुठे थांबते यावरून तो कळतो. ती आधी सांगते की छान चाललंय, मग कबूल करते की खोटं बोलले. त्यात मारहाण नाही, नातं तुटल्याची गोष्ट आहे. पण तंत्र तुमच्या कामाचं आहे. तिचे विराम म्हणजे त्याचे शब्द.

परखड_बोल

@दुपारचा_चहाटळ, असहमत. न दिसणारा माणूस पिशाच्च होतो. पिशाच्च कुणाच्या ओळखीचं नसतं, त्यामुळे श्रोता निर्धास्त बसतो. माझा मित्र, माझा भाऊ, मी स्वतः, यातलं कुणी त्या रिकाम्या जागेत बसत नाही. बॅरिटोन, खालच्या आवाजाचा पुरुष गायक, उभा करा. त्याला इस्त्रीचा शर्ट घाला. लोकांनी पाहू द्या की तो कसा आपल्यासारखाच दिसतो.

दुपारचा_चहाटळ

तुम्ही म्हणता ते नाटकात जमेल, परखड. गाण्यात माणूस उभा राहून सुरेल गायला लागला की कान त्याचाच होतो. शर्ट कुणी बघत नाही.

रेघोटी

दोघांच्या मध्ये पडते. जेझुआल्दो, इटालियन संगीतकार. १६११ चं त्याच्या मॅड्रिगलांचं, म्हणजे अनेक आवाजांच्या गीतांचं, सहावं पुस्तक, पाच आवाज, असे विचित्र आणि विलक्षण स्वरमेळ की आजही अंगावर काटा येतो. याच माणसाने १५९० मध्ये नेपल्समध्ये बायकोला, मारिया दाव्हालोसला, आणि तिच्या प्रियकराला ठार मारलं होतं. उमरावघराण्यातला असल्यामुळे त्याला शिक्षा झाली नाही. चारशे वर्षं आपण त्याचं दुःख पाच आवाजांत ऐकतोय. तिचा एक सूर कुठे नाही.

मी हे मॅड्रिगल एका समूहात गायले आहे. गाताना सुंदर वाटलं, हे खोटं सांगणार नाही. नंतर कार्यक्रमपत्रिकेत खुनाचा उल्लेख 'रंजक आयुष्य' म्हणून वाचला आणि पोटात ढवळलं. तेव्हापासून वाटतं, मारणाऱ्याच्या आवाजाची उणीव संगीतात कधीच नव्हती. तुम्ही नाही दिलात तर जगाचं काही अडणार नाही.

खर्ज_सा

@रेघोटी, मग जेझुआल्दो गायचाच नाही का?

रेघोटी

गायचा. पत्रिकेत मारियाचं नाव त्याच्याइतक्याच ठळक अक्षरात छापायचं. मी पुढच्या वेळी तसा आग्रह धरला आणि छापून घेतलं.

परखड_बोल

हे आवडलं. मूळ प्रश्नावर ठाम आहे, पण हे आवडलं.

कंठस्थ

मी वाचा-उपचारतज्ज्ञ आहे, रोजचं काम आवाजाचंच. चर्चा फार 'कोण गाणार' यावर चाललीय, मला 'कशाने गाणार' यावर बोलायचं आहे.

घरातल्या हिंसेत गळा दाबणं हा प्रकार समजतो त्यापेक्षा पुष्कळ जास्त आहे. बाहेरून अनेकदा काहीच दिसत नाही. वळ नाही, रक्त नाही. राहतो तो घोगरा आवाज, गिळताना दुखणं, श्वास अपुरा वाटणं. विचारलं तर उत्तर येतं, सर्दी झालीय. २००८ साली प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकन अभ्यासात दिसलं की जोडीदाराने आधी गळा दाबला असेल, तर पुढे त्याच्या हातून खून होण्याची शक्यता सातपटीहून जास्त असते. इंग्लंड आणि वेल्समध्ये जून २०२२ पासून जीव न जाताही गळा दाबणं हा स्वतंत्र गुन्हा धरला जातो. जिथून गाणं येतं त्याच जागेवर हात पडतो, आणि गाणाऱ्यांच्या जगात याबद्दल कुणी बोलत नाही.

तुमच्या रचनेत हे येणार असेल तर कृपा करून गायिकेला गळा आवळून गायला लावू नका. आवळलेला गळा रोजच्या तालमीत खराच दुखावतो. जोर लावून केलेली कुजबुजही घशाला थकवते. त्यापेक्षा एक सोपी गोष्ट करून पाहा. तिच्या ओळीतले स्वर काढून टाका आणि फक्त व्यंजनं ठेवा. क, त, प, स उच्चारताना स्वरतंतू कंपच पावत नाहीत, त्यामुळे गळ्याला त्रास नाही. ओळखीची ओळ, जी श्रोत्याने आधी दोनदा पूर्ण ऐकलीय, ती तिसऱ्यांदा नुसती खटखट, फुसफुस होऊन येईल. ओठ तेच हलतील.

आपल्या भाषेत अक्षरातलाही स्वर आणि गाण्यातलाही स्वरच. तो काढून घेतला की काय उरतं ते ऐकू येईल.

स्वरवेल

कंठस्थताई, हे वाचून मी पियानोपाशी जाऊन बसले. सातव्या तुकड्यात 'मी ठीक आहे' ही ओळ तीनदा येते. तिसऱ्यांदा तिचे स्वर काढून म्हणून पाहिली. ठ आणि क तेवढे ऐकू येतात. ठ. क. दारावर कुणीतरी हळूच वाजवावं तसं. हे ठरलं. सातवा तुकडा असाच होणार.

पानगळ

वाचूनच शहारा आला.

सूर_निरागस

किंकाळी नको म्हणालात ते पटलं, पण सगळा आक्रोश टाळू नका. बेरिओचं 'सेक्वेन्झा तीन' १९६०च्या दशकातलं, कॅथी बर्बेरियन या गायिकेसाठी लिहिलेलं, एकट्या बाईचा आवाज. हसू, खोकला, पुटपुट, उसासे, सगळं लिहून दिलेलं. त्याचे शब्द थोडेच आहेत. आशय असा की, एका बाईला सत्य गायला थोडे शब्द द्या, म्हणजे रात्र होण्याआधी निर्धास्तपणे घर बांधता येईल. हे शब्दही ती सलग गात नाही, त्यांचे तुकडे तुकडे होऊन येतात. ज्याला घर म्हणायचं ते जुळतच नाही. तुमच्या विषयाशी याचं नातं आहे असं मला नेहमी वाटतं.

उंबरठा

मी हिंसा सोसलेल्या बायकांबरोबर काम करते, बारा वर्षं झाली. संगीतातलं कळत नाही, पण इथे काही गोष्टी सांगायलाच हव्यात.

पहिली: मारण्यापाशी गोष्ट सुरू होत नाही आणि संपतही नाही. कुठे गेलीस, कुणाचा फोन होता, एवढे पैसे कशाला लागले, तुझी मैत्रीण मला आवडत नाही. इव्हान स्टार्क यांनी २००७ च्या आपल्या पुस्तकात याला जबरदस्तीचं नियंत्रण म्हटलं, आणि २०१५ च्या कायद्याने इंग्लंड-वेल्समध्ये तो गुन्हा ठरला, एक थप्पडही न मारता. तेव्हा त्याचे शब्द लिहायचेच झाले तर शिव्या लिहू नका. कागदावर साधी दिसणारी वाक्यं लिहा. "मी तुझ्या भल्यासाठीच सांगतो." "एवढंही जमत नाही तुला."

दुसरी: सगळ्या घरांत ताण, स्फोट, मग माफी आणि फुलं असं चक्र असतंच असं नाही. लेनोर वॉकर यांनी १९७९ मध्ये ते मांडलं आणि कित्येकींना त्यात आपलं घर दिसलं. पण मी अशा कितीतरी जणींना भेटले ज्यांच्याकडे माफी कधीच आली नाही. तुमचे अकरा तुकडे गोल फिरवायचा मोह झाला तर हे लक्षात ठेवा.

तिसरी, आणि हीच मला सगळ्यात महत्त्वाची वाटते. घर सोडून पाच-सहा वर्षं झालेली बाई. हातातून कप पडतो. ती स्वतःशीच म्हणते, "एवढंही जमत नाही तुला." तिचाच आवाज, तिचेच ओठ. वाक्य त्याचं. मी हे इतक्यांदा ऐकलंय. तुम्ही विचारताय त्याला आवाज द्यायचा का. त्याने तो कधीच घेतलाय. तिचा घेतलाय.

परखड_बोल

माझा बॅरिटोन मागे घेतो.

खर्ज_सा

एकच गळा, दोन माणसं. फिरून एर्लक्योनिगपाशीच आलो, पण उंबरठाताई ज्या दाराने आल्या ते मला दिसलं नव्हतं.

अबोल_झरा

माझी एक सूचना. खऱ्या बायकांची मुलाखत ध्वनिमुद्रित करून ती वाजवली तर? स्टीव्ह राइशने 'डिफरंट ट्रेन्स'मध्ये, १९८८ साली, माणसांच्या बोलण्याचे तुकडे घेतले आणि त्या बोलण्याचेच चढउतार व्हायोलिन-चेलोंना वाजवायला दिले. बोलण्यातच चाल असते हे ऐकून मी थक्क झालो होतो.

उंबरठा

@अबोल_झरा, हेतू चांगला आहे, पण या विषयात नको. नाव बदलता येतं, गाव बदलता येतं, आवाज बदलत नाही. तो माणूस तिचा आवाज एका शब्दात ओळखेल. शिवाय आज ती हो म्हणेल, उद्या तिला ते मागे घ्यावंसं वाटेल, तोवर मुद्रण दहा ठिकाणी गेलेलं असेल.

अबोल_झरा

हा विचार केला नव्हता. सूचना परत घेतो.

सूर_निरागस

चाल मात्र घेता येईल ना? आवाज नाही, नुसता चढउतार. "एवढंही जमत नाही तुला" हे वाक्य म्हणून पाहा, 'एवढंही'वर वर चढतं आणि 'तुला'वर पडतं. तेवढे चार-पाच सूर चेलोने घेतले तर शब्द नसतानाही वाक्य ऐकू येईल.

नाव_नको

इथे बरीच वर्षं वाचते, फार लिहीत नाही. नवीन नावाने लिहितेय, क्षमस्व.

मला त्याचा आवाज फारसा आठवत नाही. जिना आठवतो. खालच्या दारापासून आमच्या दारापर्यंत चौदा पायऱ्या. आठ, मग वळण, मग सहा. काही दिवशी तो वळणावर थांबायचा, काही दिवशी नाही. थांबला नाही तर संध्याकाळ बरी जायची. थांबला तर मी मुलाला आतल्या खोलीत पाठवायची, दिवा लावून द्यायची, हातात पुस्तक द्यायची. हे सगळं त्या थांब्यात. मला आजही वाटतं, मी आयुष्यात सगळ्यात काळजीपूर्वक ऐकलेली गोष्ट म्हणजे ते थांबणं. तुम्ही लोक सुरांबद्दल ज्या बारकाईने लिहिता त्या बारकाईने.

मारणं थोडा वेळ असायचं. ऐकणं दिवसभर.

धाग्यात कुणी ऐकण्याबद्दल लिहिलं नाही म्हणून लिहिलं.

कंठस्थ

नाव_नको, लिहिलंत, बरं केलंत.

पानगळ

काय लिहू कळत नाही. तुमचा मुलगा आता कसा आहे?

नाव_नको

मोठा झालाय. घरात चपला वाजवत चालतो. मी त्याला कधी टोकत नाही.

रेघोटी

मुलांचा विषय निघाला म्हणून. डेव्हिड लँगचं 'द लिटल मॅच गर्ल पॅशन', २००७ चं, पुढच्या वर्षी त्याला पुलित्झर मिळालं. फक्त चार गायक, आणि छोटी तालवाद्यं तेच वाजवतात. अँडरसनची १८४५ ची गोष्ट आणि बाखच्या 'पॅशन'चा, म्हणजे ख्रिस्ताच्या यातनांच्या गायनकथेचा, साचा. आपण ती गोष्ट थंडीची म्हणून लक्षात ठेवतो. पण ती मुलगी बर्फात बसून का राहते? काड्या विकल्या गेल्या नाहीत, आणि घरी गेली तर बाप मारेल, म्हणून. बाप गोष्टीत कुठेच येत नाही. त्याची भीती एका वाक्यात येते आणि तेवढ्यावर मुलगी रात्रभर गोठते. नाव_नको यांचा प्रतिसाद वाचून मला ते वाक्य वेगळ्याने ऐकू आलं.

दिगंत

पुरुषांनाही घरात मार बसतो, वृद्धांनाही. सगळी चर्चा बाईवरच का?

उंबरठा

@दिगंत, बसतो, आणि तो सांगायला त्यांना जास्त लाज वाटते हेही पाहिलंय. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२१ च्या अंदाजानुसार जगातल्या साधारण दर तीन बायकांमागे एकीने आयुष्यात शारीरिक किंवा लैंगिक हिंसा सोसलेली असते, बहुतेक वेळा जोडीदाराकडून. म्हणून गोष्टी बाईच्या जास्त. पण वडिलांच्या पावलांवर कान ठेवून मोठे झालेले मुलगे इथेही वाचत असतील. त्यांच्यावरही कुणी लिहावं.

दिगंत

वाचतायत.

मेझो_मधुरा

मी गाते, अशाच एका कठीण विषयावरच्या रचनेत दोन वर्षांपूर्वी गायले होते, म्हणून गायिकेच्या बाजूने थोडं.

तालमीत एकच वाक्य चाळीस वेळा म्हणावं लागतं. "एवढंही जमत नाही तुला" चाळीस वेळा स्वतःला म्हणून पाहा. आमच्या तालमीत एक सूर माझा सारखा उतरत होता, संचालक म्हणाले, "पुन्हा." अकराव्या वेळी मी रडायला लागले आणि का ते मलाच कळेना. त्यानंतर आम्ही ठरवलं: असे भाग आधी नुसत्या सुरांवर, आकारात पक्के करायचे. शब्द शेवटच्या काही तालमींत घालायचे. कुणीही हात वर केला की थांबायचं, कारण विचारायचं नाही. आणि तालीम त्या भागावर कधी संपवायची नाही, घरी जाताना गळ्यात दुसरं काहीतरी असलं पाहिजे.

श्रोत्यांनाही आधी सांगा. पत्रिकेत विषय स्पष्ट लिहा, दाराजवळच्या खुर्च्या मोकळ्या ठेवा. ज्याला उठून जायचं त्याला चार जणांचे गुडघे ओलांडावे लागू नयेत.

आणि सौंदर्याबद्दल. घाबरू नका त्याला. बार्तोकच्या 'ब्लूबिअर्ड्स कॅसल'मध्ये, तो ऑपेरा आहे, चेंबर नाही, पण तरी, नवी बायको यूडिट ब्लूबिअर्डच्या वाड्यातली बंद दारं एकेक उघडायला लावते. पाचवं दार उघडतं तेव्हा सगळा वाद्यवृंद आणि ऑर्गन मिळून सूर्य उगवल्यासारखा उजेड पाडतात. ब्लूबिअर्ड म्हणतो, बघ माझं राज्य. यूडिट उत्तर देते ते जवळजवळ साथीशिवाय, सपाट, हळू. राज्य सुंदर आहे हे ती कबूल करते. तिचा आवाज मात्र त्या उजेडात सामील होत नाही. तुमचा बास क्लॅरिनेट सुंदर राहू दे. ती त्याला कसं उत्तर देते तिथे लक्ष द्या.

दुपारचा_चहाटळ

मधुराताईंच्या खुर्च्यांच्या मुद्द्याला शंभर वेळा अनुमोदन. मी अशा एका प्रयोगातून उठू शकलो नव्हतो.

स्वरवेल

चार दिवसांनी येतेय. सगळे प्रतिसाद छापून पियानोवर लावले होते. काय केलं ते सांगते.

बास क्लॅरिनेट आता तो नाही. कुणीच तो नाही. त्याची सहा वाक्यं आहेत, उंबरठाताई म्हणाल्या तशी, कागदावर निरुपद्रवी. ती सहाही तिच्याच तोंडी आहेत. आधी ती ती वाक्यं सांगते, 'तो म्हणाला' असं म्हणून. मग 'तो म्हणाला' गळतं. नवव्या तुकड्यात ती स्वतःलाच म्हणते, आणि तेव्हा चेलो त्या वाक्याचे सूर तिच्या आधी एक श्वास वाजवतो, जणू वाक्य आधीच खोलीत होतं. बास क्लॅरिनेटचे सुंदर सूर ठेवले आहेत. ते आता तिचे आहेत, तिने लग्नाआधी गायलेलं काहीतरी. ते वाजतात तेव्हा ती गप्प असते.

नाव_नको, तुमची परवानगी हवी आहे. तालवादकाकडे एक लाकडी ठोकळा दिला आहे. आठ ठोके, विराम, सहा ठोके. तुकड्यांच्या मधल्या जागेत, दरवेळी. विराम दरवेळी वेगळा. गायिका पुढचा तुकडा कसा सुरू करणार हे त्या विरामावरून ठरतं, तिला त्याची लांबी आधी माहीत नसते. तालवादक प्रत्येक प्रयोगात ती बदलेल. म्हणजे ती खरोखर ऐकत असेल. तुम्ही नको म्हणालात तर काढून टाकेन, कारण विचारणार नाही. आकडे बदलून हवे असतील तर तेही करेन.

अकरावा तुकडा मात्र अजून कोरा आहे. शूमानच्या एका गीतमालेत शेवटी बाई गप्प होते आणि पियानो पहिल्या गाण्याची आठवण वाजवत राहतो, तसं काही मनात आलं होतं. पण मला शेवटी मागे वळायचं नाही.

नाव_नको

दोनदा वाचलं. आठ आणि सहा तसेच ठेवा. कुणाला कळणार नाही, मला कळेल.

शेवटाचं विचारताय म्हणून. त्या चौदा पायऱ्या एकदा मीही उतरले, मुलाला घेऊन. पहाट होती. उतरताना मोजल्या नाहीत. खाली आल्यावर लक्षात आलं की वळण कधी गेलं ते कळलंच नाही.

स्वरवेल

मग अकराव्यात ठोके असतील, पण आकडा नसेल. विराम नसेल. स्वरलिपीत तिथे मी काहीच मोजमाप लिहिणार नाही.

खर्ज_सा

तालवादक पहिलाच प्रश्न विचारेल, किती वाजवू?

ठेका_वेडा

मी तालवादक आहे, सुरुवातीपासून वाचतोय, आज पहिल्यांदा लिहितो. किती ते नाही विचारणार. एवढंच हवं: कधी थांबायचं ते गायिकेने सांगावं. हाताने नको, मानेनेही नको. तिने श्वास घेतला की मी थांबेन. तेवढा तर मला ऐकू येईलच.